जपूनरावांची दहशत

जपूनरावांना घाबरेल असा प्राणी तोवर या पृथ्वीतलावर जन्माला यायचा होता. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक मांजर झोपायचं, तर रोज सकाळी दुकान उघडताना मांजर हलायचं नाही, जपूनराव वळसा घालायचे. त्यांचं खरं नाव गिऱ्हाइकं केव्हाच विसरली होती. फर्निचरचं दुकान त्यांचं. कपाट विकलं की नेणाऱ्याला ‘जपून’, स्टूल विकलं की बसणाऱ्याला ‘जपून’, आणि कुणी काहीच न घेता निघालं तरी पायरी उतरताना ‘जरा जपून हं’. म्हणून जपूनराव. अशा माणसाच्या नावाने पुढे सगळ्या बाजारपेठेला कापरं भरलं, आणि ते का भरलं हे सगळ्यात शेवटी कळलं ते त्यांनाच.

सुरुवात मेहुण्याने केली. बहुतेक संकटांच्या मुळाशी मेहुणा सापडतो, आणि हा तर बायकोचा लाडका धाकटा भाऊ, कंप्युटरच्या कचेरीत नोकरीला, शिवाय भावोजींचं भलं करायची खोड असलेला. हल्ली लोक तयार कपाटं खोक्यातून मागवतात आणि घरी स्क्रू पिळत बसतात, त्यामुळे जपूनरावांच्या दुकानात मालावर धूळ आणि धुळीवर मांजराची पावलं, अशी परिस्थिती होती. त्यातच पालिकेने आपली सगळी माहिती वेबसाइटवर खुली केली. झाडं किती, दिवे किती, कुठल्या कुत्र्याला लस टोचली, कुठला रस्ता कधी झाडला, सगळं. छोट्या धंदेवाल्यांनी यावं, ही माहिती वापरून काहीतरी नवं करावं, अशी हाक दिली आणि एक सभा ठेवली. मेहुण्याने भावोजींना हाताला धरून तिथे नेलं.

पालिकेच्या माहिती कक्षाच्या मॅडम मोठ्या तळमळीने बोलल्या. “ही माहिती म्हणजे उघडी तिजोरी आहे,” त्या म्हणाल्या, “हवं ते घ्या.” तिजोरी उघडी आहे म्हटल्याबरोबर जपूनरावांनी खुर्ची मागे सरकवली. उद्या काही कमी भरलं तर आपण जवळ नव्हतो, एवढं तरी सांगता यावं.

घरी येऊन मेहुण्याने एकेक पान उघडून दाखवलं. झाडांच्या पानावर जपूनरावांना जांभई आली, कुत्र्यांच्या पानावर भीती वाटली, आणि रस्तेखोदाईच्या पानावर मात्र ते ताठ बसले. रस्ता कुठला, खणणारं खातं कुठलं, कधीपासून खणणार, कधी बुजवणार, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं. गावातला एकही धड रस्ता त्यातून सुटलेला नव्हता. पाण्याचं खातं खणून जाणार, त्यांनी बुजवलं की विजेचं येणार, मग केबलवाले. एखाद्या पेशंटचं पोट प्रत्येक डॉक्टरने आपापल्या सवडीने उघडून पाहावं, तसला प्रकार.

आता खणलेल्या रस्त्याशी जपूनरावांचं एक जुनं दुखणं होतं. जुनं म्हणजे मागच्याच महिन्यातलं. शिंप्याकडे पँट आणायला गेले तर त्याच्या दुकानासमोर हा भलामोठा चर, आणि त्यावर टाकलेली एक अरुंद फळी. फळीच्या मध्यावर जपूनरावांचे पाय लटपटले. पुढे जाववेना, मागे येववेना, म्हणून ते सरळ फळीवर खाली बसले. शेवटी शाळेतून घरी निघालेल्या दोन मुलींनी त्यांना हात धरून पलीकडे पोहोचवलं आणि वर “आजोबा, आता बरं वाटतंय का?” असंही विचारलं. जपूनरावांचं वय आजोबा म्हणण्यासारखं मुळीच नव्हतं. त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. शिंप्याने सांगितली.

मोठमोठे शोध गरजेतून लागतात म्हणतात. हा भीतीतून लागला. ज्या दुकानासमोर खणणार, त्या दुकानदाराला आधीच गाठायचं आणि चर ओलांडायला एक भक्कम लाकडी पूल भाड्याने द्यायचा. गिऱ्हाईक सुखरूप आत, दुकानदार खूश. पुलाला ‘साकव’ हे नाव बायकोने सुचवलं. मेहुण्याला आनंदाने गहिवरून आलं. त्याने तिथल्या तिथे भावोजींना ‘उद्योजक’ म्हणायला सुरुवात केली.

जपूनरावांनी साकव बांधायला घेतला. दोन्ही बाजूंना कठडे, वर रबराची चटई, टोकांना उतार, आणि नेता-आणता यावा म्हणून मधोमध बिजागऱ्या. पण घडी होणारा पूल माणूस वर असतानाही घडी होऊ शकतो, हा विचार मनात आला आणि त्यांची झोप उडाली. बिजागऱ्या काढल्या. मग खालून एक आडवी तुळई घातली, तिच्या आधाराला दुसरी घातली, दुसरीचा भरवसा काय म्हणून तिसरी. तयार झाल्यावर तो उचलायला चार हमाल लागले.

“यावरून हत्ती जाईल,” बायको म्हणाली.

जपूनराव दिवसभर हत्तीच्या काळजीत होते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी बेकरीवाला निवडला. वेबसाइटप्रमाणे त्याच्या दुकानासमोर सोमवारी पाण्याचं खातं येणार होतं. बेकरीवाला हा अंगाने भट्टीएवढा आणि स्वभावाने भट्टीहून गरम. जपूनरावांनी घरी आरशासमोर चार वेळा तालीम केली, तरी बेकरीत पाय टाकताच तोंडाला कोरड पडली. आत गर्दी होती. आपलं बोलणं कुणी ऐकलं आणि हसलं तर, या धास्तीने त्यांनी आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग गल्ल्यावर वाकून अगदी हळू आवाजात सुरुवात केली.

“सोमवारपासून तुमच्या दुकानासमोर खणणार आहेत. म्हटलं आधी कानावर घालावं. नंतर तुमच्या माणसांना काही इजा झाली, तर मलाच वाईट वाटेल.”

बेकरीवाल्याने हातातला पाव खाली ठेवला आणि काय पाहिजे ते विचारलं.

“पाहिजे असं काही नाही. आमच्याशी ठरवून टाकलंत तर काही त्रास होणार नाही. जे ठरवत नाहीत त्यांचे फार हाल होतात. मी पाहिलंय.”

साकवाविषयीची माहिती यानंतर यायची होती, पण बेकरीवाल्याने ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेत ती विरघळून गेली. त्याने दाराकडे बोट केलं. जपूनराव निघाले, आणि उंबऱ्यापाशी वळून सवयीने म्हणाले, “जपून राहा हं.”

सोमवारी सकाळी बेकरीसमोर चर पडला.

दुपारी बेकरीवाला स्वतः फर्निचरच्या दुकानात आला. हातात केकचा डबा, कपाळावर घाम. तुम्ही म्हणाल ते कबूल, फक्त मुलाबाळांचा विचार करा, असं काहीसं तो पुटपुटला. जपूनरावांना वाटलं, मुलाबाळांनी चरात पडू नये असं म्हणतोय. ते म्हणाले, मुलाबाळांचीच तर मला जास्त काळजी आहे. बेकरीवाला भिंतीला टेकला. संध्याकाळपर्यंत बेकरीसमोर साकव लागला, आणि जपूनरावांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं की धंद्यात सचोटी असली की कठोर माणसंही वितळतात.

त्यानंतर ते बाजारात जातील तिथे एक विलक्षण गोष्ट घडू लागली. लोक उठून उभे राहू लागले. भाजीवाली न सांगता ताजी जुडी काढून देऊ लागली. न्हाव्याने आधी बसलेल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर उठवलं आणि यांना बसवलं, पण त्याचा वस्तरा असा थरथरत होता की खाली बसलेल्या जपूनरावांना ब्रह्मांड आठवलं. त्यांनी गळ्याजवळचा हात हळूच धरून “जपून” म्हटलं, तर न्हाव्याच्या हातून वस्तराच पडला. ते ज्या गल्लीत शिरत, त्या गल्लीतले दुकानदार एकमेकांकडे पाहत आणि हळूच विचारत, आमच्याकडे काही आहे का हो? जपूनराव भाबडेपणाने खरं ते सांगत: आहे, पुढच्या आठवड्यात, गॅसची लाइन. आणि पुढच्या आठवड्यात गॅसची लाइन येई. साकवांना मागणी इतकी वाढली, की दुकानातली कपाटं मोडून फळ्या काढायची वेळ आली.

भ्रमाचा भोपळा फोडला तो वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने. एके दिवशी तो एकदम मोठी पॉलिसी घेऊन आला. जपूनरावांनी इतकी मोठी कशाला असं विचारलं, तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला की तुमच्या व्यवसायातल्या माणसाला शत्रू फार असतात. फर्निचरवाल्याला कसले शत्रू, हे जपूनरावांना कळेना. मग एजंटाने उलगडून सांगितलं. सबंध बाजारपेठेची खात्री आहे की पालिकेत तुमची माणसं पेरलेली आहेत, जो तुमचा साकव घेत नाही त्याचा रस्ता तुम्ही उखडता, आणि तुम्ही “जपून” म्हणालात की समजायचं आता काही खरं नाही. हे सांगून एजंटाने, आपल्या इमारतीसमोरचा रस्ता तेवढा वगळता येईल का, असंही जाता जाता विचारून घेतलं.

जपूनराव पलंगावर आडवे झाले. अंगात ताप भरला. आपल्याला लोक घाबरतात, या कल्पनेचीच त्यांना इतकी भीती वाटली की दारावरची बेल वाजली तरी ते पांघरूण डोक्यावर घेत. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं, आणि आता तर अख्खा बाजार घाबरलेला होता.

दोन दिवसांनी उठले ते खुलासा करायचा निश्चय करूनच. पण खुलासा ही गोष्ट दलदलीसारखी असते, हातपाय मारावे तितकं खोलात. ते म्हणाले, माझ्या हातात काही नाही हो. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मोठी माणसं असंच म्हणतात. ते म्हणाले, मी साधा फर्निचरवाला आहे. लोक म्हणाले, तर काय, अगदी साधे. मेहुण्याने सल्ला दिला की वेबसाइटवरचा कागदच छापून दाखवा. तो दाखवला, तर लोकांना वाटलं हे खोदाईचे हुकूम यांच्याच सहीने सुटतात. चष्म्याच्या दुकानांच्या गल्लीतली मंडळी तर घरी आली, ओळीने स्टुलांवर बसली, आणि गॅसची लाइन शेजारच्या गल्लीत वळवा म्हणून अजिजी करू लागली. त्यातला एक तरुण जाताना दारात थांबून म्हणाला की आमचीही ओळखीची माणसं आहेत, काका, एवढं लक्षात असू द्या. त्या रात्री जपूनरावांनी दाराला आतून कपाट लावलं. सकाळी ते हलेना, तेव्हा बायकोला मेहुण्याला फोन करून बोलवावं लागलं.

धंदा बंद करायचा हे नक्की झालं. पण लोकांच्या दारात लागलेले साकव परत आणायचे तर चर बुजायला हवेत. वेबसाइटवर बुजवायच्या तारखा होत्या, त्या बहुतेक केव्हाच उलटून गेल्या होत्या, आणि चर होते तसेच आ वासून पडलेले. शेवटी जपूनराव जीव मुठीत धरून बेकरीसमोर उभ्या असलेल्या ठेकेदाराकडे गेले. हा ठेकेदार म्हणजे मान दिसत नसलेला माणूस. त्याच्या जीपला पोलीसही हात दाखवत नसत. बोलताना जपूनरावांचा आवाज नुसता थरथरत होता.

“हा चर तुम्ही शुक्रवारी बुजवणार होतात. बुजवला नाहीत.”

ठेकेदाराने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ही तारीख आपल्याला आणि आपल्या बिलाला सोडून कुणाला ठाऊक असेल, असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. आणि त्या थरथरण्यात त्याला भीती ऐकू आली नाही, दाबून धरलेला संताप ऐकू आला. तो जीपमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी चर बुजला, वर डांबर पडलं, रोलर फिरला. आठवडाभरात जपूनराव बिचकत बिचकत ज्या ज्या चराची तारीख विचारून आले, तो तो चर बुजला. साकवांनी दुकान भरून गेलं, आणि बाजारात नवी बातमी फुटली की जपूनराव नुसता रस्ता उखडत नाहीत, मनात आलं तर मिटवतातही.

आणि मग पालिकेतून फोन आला. माहिती कक्षाच्या मॅडमनी ताबडतोब बोलावलं होतं.

जपूनरावांनी पिशवी भरली. टॉवेल, एक जादा कपड्यांचा जोड, रक्तदाबाच्या गोळ्या. दुकानाच्या किल्ल्या बायकोच्या हातात ठेवल्या आणि मेहुण्यावर रागावू नकोस असं सांगितलं. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं, आणि ते जिना उतरायला लागल्यावर वरून म्हणाली, “येताना साखर आणा.” या वाक्याचा त्यांना फार आधार वाटला. जी बाई साखर आणायला सांगते, तिला नवरा परत येईल अशी आशा असली पाहिजे.

मॅडमच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि तीन बंद कपाटं होती. कपाटं चांगल्या लाकडाची नव्हती, हे एवढ्या भीतीतही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मॅडमचा चेहरा मात्र त्यांच्याहून उतरलेला होता. त्यांनी सांगितलं ते असं. खात्याखात्यांमधून तक्रारी आल्या आहेत की आपल्या तारखा बाहेर फुटताहेत, कुणीतरी हेर आहे. वेबसाइट बंद करायचं वरच्यांच्या मनात आहे. माहिती खुली करायला सगळ्यांची संमती होती; ती कुणी वाचील, असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

“खोदाईचं पान रोज एकच माणूस उघडतो,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही. तुम्ही थांबलात तर ते बंद होईल, आणि माझी बदली होईल.”

तुरुंगाच्या तयारीने आलेल्या माणसापुढे सरकारी बाई रडवेली झाली की त्याने काय करावं, हे कुणी शिकवलेलं नसतं. जपूनरावांनी पिशवीतला टॉवेल पुढे केला. मॅडमचं म्हणणं होतं की दुकानदार, ठेकेदार आणि सगळ्या खात्यांचे साहेब यांना एकत्र बोलवते, तुम्ही उभे राहून फक्त खरं काय ते सांगा. बाजारपेठ, ठेकेदार आणि साहेब, म्हणजे जगातल्या ज्या ज्या लोकांची जपूनरावांना भीती वाटे, ते सगळे एका छताखाली. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण समोरच्यापुढे नाही म्हणायचीही त्यांना भीतीच वाटायची. ते हो म्हणून बसले. घरी येताना साखर विसरले.

सभेला हॉल भरला होता. विमा एजंट पहिल्या रांगेत, चष्म्याच्या गल्लीतला तो तरुण हाताची घडी घालून, ठेकेदार दाराशी, साहेब मंडळी मंचावर. जपूनराव माइकपाशी आले तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली, तिने त्यांच्या पोटात खड्डा पडला, आणि तो कुठल्याच खात्याच्या यादीत नव्हता. माइकला धरलं ते पडू नये म्हणून.

“पालिकेत माझं कुणी नाही,” ते म्हणाले. “मला फळीवरून चालायची भीती वाटते, म्हणून मी पूल बांधला. तारखा मी वाचतो. तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर त्या आहेत. मी घाबरट माणूस आहे. मला कृपा करून कुणी घाबरू नका.”

कुणाचाच विश्वास बसला नाही. एवढं नम्र बोलणारा माणूस किती पोचलेला असेल, अशाच नजरेने लोक पाहत राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेत बेकरीवाला उठला. त्याच्या हातात फोन होता. त्याने स्वतःच्या रस्त्याचं नाव शोधून मोठ्याने वाचलं: पाण्याचं खातं, अमुक तारखेपासून, अमुक तारखेपर्यंत. मग खाली पाहत तो म्हणाला की पुढच्या महिन्यात विजेचं खातंही येणार आहे, हे यांनी मला सांगितलं नव्हतं, पण इथे लिहिलंय.

हॉलभर खिशांत हात गेले. थोडा वेळ नुसती बोटं फिरत होती. मग चष्म्याच्या गल्लीतल्या तरुणाने मान वर केली. त्याने जपूनरावांकडे पाहिलंच नाही, मंचावर पाहिलं, आणि विचारलं की आमचा चर मागच्या आठवड्यात बुजवायचा होता, तो अजून उघडा कसा? शिंप्याने विचारलं, एकच रस्ता तीन खाती तीनदा का खणतात, एकत्र येऊन एकदाच का नाही? साहेबांनी पाण्याचे पेले जवळ ओढले. इतके दिवस बाजारपेठेत हिंडणारी ती भीती जपूनरावांच्या खांद्यावरून उतरली आणि मंचाच्या पायऱ्या चढून गेली. मॅडम मात्र एका कोपऱ्यात बसून भराभर प्रश्न लिहून घेत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला होता. एवढ्या लोकांनी उघडलेलं पान आता बंद करायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून जपूनरावांना कुणी भिईना. भाजीवालीने कालची जुडी दिली. न्हाव्याने अर्धा तास ताटकळत ठेवलं. बेकरीवाला विजेच्या खोदाईसाठी साकव ठरवायला आला तो भाड्यावरून चांगला हुज्जत घालून गेला, वर मागच्या साकवाचा कठडा करकरत होता म्हणून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. जपूनराव ओरडा खात उभे राहिले आणि त्यांना लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नसेल इतकं हलकं वाटलं. साकवांचा धंदा चालू राहिला. आता लोकच तारखा पाहून आधी येत.

फक्त एक माणूस राहिला होता. सभा सुटल्यावर जिन्याखाली ठेकेदाराने जपूनरावांना गाठलं होतं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो हळूच म्हणाला, “छान बोललात. लोकांना पटलं. आता मला खरं सांगा, तुम्ही कोण?”

“फर्निचरवाला,” जपूनराव म्हणाले होते.

“बरं,” ठेकेदाराने मान डोलावली होती. “कुणी विचारलं तर मीही तसंच सांगेन.”

काही दिवसांनी त्यांच्याच गल्लीत चर पडला. जपूनराव गॅलरीत उभे होते. ठेकेदाराने खालून त्यांना पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि माणसांना काहीतरी सांगितलं. बुजवायच्या तारखेच्या आदल्याच दिवशी रस्ता असा गुळगुळीत झाला की वरून गोटी सोडावी तर थेट बेकरीपर्यंत जावी. जपूनरावांना चैन पडेना. त्या बिचाऱ्याचा गैरसमज अजून तसाच आहे, खाली जाऊन एकदा नीट समजावून सांगतो, म्हणत ते चपला शोधू लागले.

बायकोने चपला पायाने सरकवून पलंगाखाली ढकलल्या.

“सगळ्या गावाला खरं सांगून झालं ना?” ती म्हणाली. “एकाला राहू द्या.”